किटलीतला नमुना आणि गोठ्यातली गाय

माघातल्या एका सकाळी मी एकाच गाईच्या एकाच धारेतून तीन बाटल्या भरल्या. पहिली बाटली धार सुरू होताच भरली, दुसरी साधारण निम्मे दूध निघाल्यावर, आणि तिसरी कास निपटताना निघालेल्या अगदी शेवटच्या धारांची. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे टाकले आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर ओळखीच्या एका संकलन केंद्रावर त्या तपासून घेतल्या. यंत्राने पहिल्या बाटलीची फॅट १.९ दाखवली, दुसरीची ३.६ आणि तिसरीची ७.१. गाय तीच, वैरण तीच, हात तोच आणि यंत्रही तेच होते. सात-आठ मिनिटांच्या एका धारेत एवढा फरक पडला होता.

दुग्धशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही गोष्ट सापडते, पण स्वतःच्या गोठ्यात ती पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. दुधातले चरबीचे कण कासेतल्या बारीक पिशव्यांत मागे राहतात आणि गाईने पूर्ण पान्हा सोडून कास रिकामी होऊ लागली की शेवटी शेवटी बाहेर येतात. त्यामुळे पहिली धार पातळ आणि शेवटची धार साईसारखी असते. आमची आजी शेवटचे पाव-अर्धा लिटर दूध नेहमी वासरासाठी सोडत असे, आणि त्यात चूक काहीच नव्हते, कारण वासराला त्या दुधाची खरोखर गरज असते. मात्र तसे केल्यावर 'आपल्या गाईला फॅट का लागत नाही' या प्रश्नाचे उत्तर पेंडीत किंवा केंद्रावरच्या यंत्रात शोधण्याआधी त्या पाव लिटरात शोधले पाहिजे, हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगितले नव्हते.

आमच्याकडे अकरा दुभत्या संकरित गाई आहेत, दोन वेळा बकेट मशिनने दूध काढतो आणि गावातल्या केंद्रावर घालतो. कोल्हापूरपासून संगमनेर-अकोल्यापर्यंत कुठेही जा, गाईच्या दुधाची चर्चा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या जोडीपासून सुरू होते. दर या पायरीवर जाहीर होतो आणि पायरीच्या खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ टक्क्याला, कपात होते. दहा दिवसांच्या बिलात ही कपात पेंडीच्या एखाद्या पोत्याएवढी सहज होते. ज्या आकड्यावर घराचा खर्च चालतो तो आकडा किती मिलिलिटर दुधातून आणि ते दूध कुठून उचलून काढला जातो, हे प्रत्येक उत्पादकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहावे असे मला मनापासून वाटते.

माझे चुलते दूध संस्थेत टेस्टर होते, तेव्हा फॅट काढणे म्हणजे गर्बर पद्धत. ब्युटिरोमीटरच्या काचनळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून नळी हलवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वर आलेल्या पिवळ्या थराची उंची वाचायची. आम्ल चरबी सोडून दुधातले बाकीचे जाळून टाकते, म्हणून चरबी वेगळी दिसते. चुलत्यांच्या एकाही सदऱ्याची बाही आम्लाच्या भोकांवाचून नव्हती. एसएनएफसाठी दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर दुधात सोडून 'डिग्री' वाचायची आणि डिग्री व फॅट सूत्रात घालून उत्तर काढायचे. गर्दीच्या वेळी हे सगळे प्रत्येकासमोर होणे शक्यच नव्हते. नमुने बाजूला ठेवले जात आणि निकाल नंतर वहीत दिसे. त्या काळातला अविश्वास बराचसा या 'नंतर'मधून आला होता.

१९९०च्या दशकात गुजरातेत आणंद परिसरातल्या सहकारी संस्थांमध्ये वजनकाटा, दूध तपासणी यंत्र आणि संगणक एकमेकांना जोडलेली संकलन केंद्रे उभी राहू लागली, आणि पुढे ती आपल्याकडेही आली. आज आमच्या केंद्रावर किटली ओतली की लिटर आपोआप नोंदले जातात, मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ पडद्यावर येतात, पावती छापली जाते आणि मोबाइलवर संदेश येतो. या बदलाचे मोल मी कमी लेखत नाही. आकडा उत्पादकासमोर, त्याच क्षणी दिसणे हीच एक मोठी सुधारणा आहे.

गावोगाव दिसणारी ही यंत्रे बहुतेक अल्ट्रासोनिक असतात. दुधातून ध्वनिलहर किती वेगाने जाते हे ते यंत्र मोजते. चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ हा वेग वाढवतात. चरबीचा परिणाम मात्र तापमानानुसार बदलतो. म्हणून यंत्र तोच नमुना दोन वेगवेगळ्या तापमानांना मोजून फॅट आणि एसएनएफ वेगवेगळे काढते. या कार्यपद्धतीतच त्याच्या मर्यादा दडलेल्या आहेत. दुधात फेस असेल, हवेचे बुडबुडे असतील, तर ध्वनीचा वेग चुकतो. म्हणूनच नुकतेच काढलेले फेसाळ दूध किंवा जोराने हलवलेली बाटली लगेच यंत्राखाली लावू नये. नळीत दुधाचा थर साचला तर आकडा हळूहळू सरकतो, आणि तो सरकला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गाय आणि म्हैस यांच्या दुधासाठी वेगवेगळी जुळवणी लागते. त्यामुळे रोजची धुलाई, ठरावीक दिवसांनी आम्लाची धुलाई आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या दुधाशी पडताळणी या तीन गोष्टी यंत्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत. केंद्रावरची दूध तपासणी यंत्रे स्वतंत्र यंत्रणेकडून नियमित तपासली जावीत, ही दूध उत्पादकांची मागणी जुनी आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे.

पण माझे म्हणणे यंत्राच्या आधीच्या पायरीविषयी आहे. या केंद्रांना आपण स्वयंचलित म्हणतो, तरी तिथला स्वयंचलितपणा सुरू होतो तो नमुन्याचा कप नळीखाली ठेवल्यानंतर. तो कप भरतो माणसाचा हात. दूध नीट ढवळले का, पळी किती खोल गेली, आधीच्या उत्पादकाचे दूध पळीला आणि कपाला किती चिकटून राहिले, यातले यंत्राला काहीच कळत नाही. जे दूध कपात आले ते त्याने अचूक मोजले तरी ते आपल्या किटलीचे प्रतिनिधित्व करते की नाही, हे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बाबतीत हेच घडले. सकाळचे दूध दोन कॅनमध्ये जात असे. आम्ही आधी नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दुधाच्या गाई पिळायचो, त्यांचे दूध पहिल्या कॅनमध्ये. आटत आलेल्या गाईंचे घट्ट दूध दुसऱ्या कॅनमध्ये. केंद्रावर वजन दोन्हींचे व्हायचे, पण नमुना पहिल्या कॅनमधूनच घेतला जायचा, तोही न ढवळता, वरवर पळी बुडवून. काही आठवडे सकाळची फॅट ३.२ च्या आसपास लागत राहिली आणि संध्याकाळची ४ च्या. संध्याकाळची थोडी जास्त लागणे स्वाभाविक आहे, कारण दिवसाच्या दोन धारांमधले अंतर रात्रीच्या अंतरापेक्षा कमी असते, दूध कमी साठते आणि फॅटचे प्रमाण वाढते. मात्र एवढी तफावत त्या कारणाने होत नाही. मी केंद्रावर वाद घातला, यंत्र खोटे आहे असे चारचौघांत म्हणालो, आणि केंद्राच्या लोकांनी आम्ही पाणी घालतो असे सुचवले. शेवटी एका सकाळी दोन्ही कॅनचे नमुने वेगवेगळे लावायला लावले. पहिल्याची फॅट ३.२ आली, दुसऱ्याची ४.१. यंत्र बरोबर होते आणि आमचे दूधही बरोबर होते. दोघांच्या मधला नमुना चुकत होता. त्यानंतर दोन्ही कॅनमधून दुधाच्या प्रमाणात नमुना घेण्याचे ठरले. त्या आठवड्यांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

या प्रसंगाने मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे. कॅनचा आकडा कितीही खरा असला तरी तो अकरा गाईंची सरासरी सांगतो. कोणत्या गाईत काय चालले आहे हे त्यात विरघळून जाते. पुढच्या पावसाळ्यात आमचा एसएनएफ ८.५ वरून ८.३ वर आला आणि तिथेच थांबला. या वेळी मी भांडायला गेलो नाही. प्रत्येक गाईचे पूर्ण दूध वेगळ्या बादलीत घेतले, या बादलीतून त्या बादलीत दोनदा ओतून एकजीव केले आणि मग अकरा बाटल्या भरल्या. आठ गाईंचा एसएनएफ ८.५ च्या आसपास होता. तीन गाई ७.८ च्या खाली-वर होत्या. त्यांची कास ना सुजली होती ना गरम होती, दुधात गुठळ्या नव्हत्या, चारा-पाण्यात फरक नव्हता. पाहणाऱ्याला त्या तिन्ही निरोगीच वाटल्या असत्या.

आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी चार वाट्यांचे पॅडल आणले. प्रत्येक सडाचे थोडे दूध एकेका वाटीत घेऊन त्यात तेवढेच द्रावण घातले आणि पॅडल गोल फिरवले. तीन वाट्यांतले दूध पाण्यासारखे फिरत राहिले; चौथ्या वाटीत ते आधी चिकट झाले, मग मध्यभागी जेलीसारखे गोळा झाले. ही तपासणी १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी पुढे आणली आणि आजही गोठ्यात करण्यासारखी तिच्याहून सोपी तपासणी नाही. सडात संसर्ग झाला की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवते. द्रावणातला साबणासारखा पदार्थ त्या पेशी फोडतो आणि त्यांच्या आतला डीएनए दुधाला घट्ट करतो. आपल्याकडे या रोगाला कासदाह किंवा दगडी म्हणतात, पण दगडी हे नाव कास दगडासारखी झाल्यावर मिळते. त्याआधी कित्येक आठवडे हा रोग न दिसता राहू शकतो. त्या काळात लॅक्टोज ही दुधातली साखर आणि केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन घटतात, म्हणून एसएनएफ उतरतो. सोडियम आणि क्लोराइड वाढतात, म्हणून दुधाची विद्युतवाहकता वाढते. तिन्ही गाईंवर उपचार झाले, दोघी पूर्ण सुधारल्या. केंद्राच्या पावतीवरचे दोन पॉइंट ही त्या तीन गाईंची तक्रार होती.

ज्या देशांत गोठे मोठे झाले आणि माणसे कमी झाली, तिथे या प्रश्नाचा विचार शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. डेन्मार्कमध्ये व्हेयन इथे १८९५ साली शेतकऱ्यांनी दूध नोंदणीची संस्था काढली. संस्थेचा माणूस गोठ्यागोठ्यांत जाऊन प्रत्येक गाईचे दूध मोजायचा आणि फॅट काढायचा. पुढे न्यूझीलंडमध्ये असे दूधमापक तयार झाले, की गाय यंत्रावर असताना वाहत्या दुधाचा एक ठरावीक छोटा अंश सतत वेगळ्या नळीत साठत राहतो. पहिल्या पातळ धारेपासून शेवटच्या घट्ट धारेपर्यंत सर्व दूध त्यात प्रमाणात येते, आणि नमुना काढण्याआधी खालून हवा सोडून ते ढवळले जाते. माझ्या तीन बाटल्यांचा प्रश्न या साध्या युक्तीने सुटतो.

१९९२ साली नेदरलँड्समधल्या गोठ्यात दूध काढणारा रोबो कामाला लागला, तेव्हा नमुन्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. रोबोकडे गाय आपल्या मर्जीने येते, रात्री अडीच वाजताही येते, आणि तिथे बाटली धरायला कोणी नसते. म्हणून रोबोला नमुने घेणारी पेटी जोडतात. गाईच्या गळ्यातल्या किंवा कानातल्या बिल्ल्यावरून तिची ओळख पटते, धार संपली की एकजीव झालेल्या दुधातून नमुना काढला जातो, पेटीतली पुढची बाटली त्या गाईच्या नावे भरते, आणि बाटलीत आधीच असलेल्या परिरक्षकामुळे दूध प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत टिकते. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी चरबी, प्रथिने, लॅक्टोज मोजतात. चमकणारा रंग देऊन पेशी एकेक करून मोजतात. दुधात दर मिलिलिटरला दोन लाखांहून अधिक पेशी दिसल्या की लपलेल्या कासदाहाचा संशय घेतात. युरोपीय संघात गोठ्याच्या एकत्रित दुधासाठी मर्यादा चार लाखांची आहे.

या पेट्यांची खरी परीक्षा नळीत मागे राहिलेल्या दुधाने होते. समजा, आधीच्या गाईच्या दुधात वीस लाख पेशी आहेत आणि तिचे दूध नळीत राहून पुढच्या गाईच्या बाटलीतला पाच टक्के भाग त्याचा झाला. पुढच्या गाईच्या दुधात प्रत्यक्षात पन्नास हजार पेशी असल्या, तरी तिच्या बाटलीत जवळजवळ दीड लाख दिसतील. निरोगी गाय कागदावर आजारी ठरण्याच्या जवळ येईल. हे गणित मी स्वतः मांडून पाहिले तेव्हा केंद्रावरच्या न विसळलेल्या पळीकडे माझे लक्ष कायमचे गेले.

डेन्मार्कची फॉस आणि स्वीडनची डी लाव्हल या कंपन्यांनी मिळून उभारलेली हर्ड नॅव्हिगेटर ही यंत्रणा याच्याही पुढे गेली. तिने प्रयोगशाळाच गोठ्यात आणली. त्या त्या दिवशी कोणत्या गाईचा कोणता नमुना घ्यायचा हेही तीच ठरवते, कारण प्रत्येक गाय कधी व्याली आणि मागचे आकडे काय होते हे तिला माहीत असते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरले की माज जवळ आला, एलडीएच हे विकर (एन्झाइम) वाढले की कासदाहाची शंका, बीएचबी हा किटोन पदार्थ वाढला की किटोसिस, म्हणजे ऊर्जा कमी पडून अंगातली चरबी जळू लागल्याने होणारा आजार, आणि युरियावरून चाऱ्यातल्या प्रथिनांचा ताळमेळ. बाहेरून न दिसणाऱ्या मुक्या माजाने ज्यांचे एकवीस-एकवीस दिवस वाया गेले आहेत, त्यांना यातल्या पहिल्या तपासणीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. इस्रायलमधल्या अफिकिम किबुत्झच्या अफिमिल्कने तिसरी वाट घेतली: नमुना काढायचाच नाही, नळीतून वाहणाऱ्या दुधावर प्रकाश टाकून प्रत्येक धारेची चरबी, प्रथिने आणि लॅक्टोज वाहतानाच वाचायची. एका वेळच्या वाचनात प्रयोगशाळेइतकी अचूकता नसते, पण त्याच गाईचे कालचे, परवाचे, महिन्याचे आकडे शेजारी असतात, आणि बदल ओळखायला ते पुरते.

अकरा गाईंच्या गोठ्याला यातले काहीच परवडणारे नाही, आणि परवडावे असा माझा आग्रहही नाही. परंतु या यंत्रांमागचा क्रम उचलता येतो: आधी गाय ओळखायची, मग तिच्या पूर्ण धारेचा नमुना घ्यायचा, आणि मोजणी शेवटी. आपल्याकडे आज मोजणी गावोगाव आहे. ओळखीसाठी गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. मधला नमुनाच तेवढा कोणाच्याही जबाबदारीचा नाही.

आम्ही चार घरांनी मिळून गेल्या वर्षी एक जुने अल्ट्रासोनिक यंत्र घेतले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक गाईचा नमुना होतो. संध्याकाळचे आणि सकाळचे दूध लिटरांच्या प्रमाणात एकत्र करतो; गाईने सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ लिटर दिले तर चार भाग सकाळचे आणि तीन भाग संध्याकाळचे. संध्याकाळचा नमुना रात्रभर फ्रीजमध्ये राहतो आणि त्यावर साय धरते, म्हणून सकाळी तो कोमट करून हलक्या हाताने बाटली उलटी-सुलटी करतो, फेस येऊ देत नाही. बिल्ल्याचे शेवटचे चार अंक बाटलीवर असतात. एसएनएफ मागच्या महिन्यापेक्षा दोन पॉइंटांहून अधिक उतरला की त्याच दिवशी पॅडल बाहेर निघते. केंद्रावरही आता एक ठराव झाला आहे: कॅन प्रत्येकाच्या समोर ढवळायचे, पळी आणि कप दोन उत्पादकांच्या मध्ये विसळायचे, आणि नमुन्याचे उरलेले दूध किटलीत परत ओतायचे. शेवटचा मुद्दा मान्य व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्या तिघींपैकी जी पूर्ण सुधारली नाही, तिच्या मागच्या डाव्या सडाचे दूध वाटीत अजूनही थोडे घट्ट होते. डॉक्टरांनी ती आटल्यावर त्या सडात औषध भरायचे सांगितले आहे. तोपर्यंत दर पहिल्या तारखेला तिला सगळ्यांच्या शेवटी पिळतो आणि तिची बाटली सगळ्यात शेवटी भरतो, म्हणजे तिचे दूध दुसऱ्या गाईच्या आकड्यात उतरत नाही.